न ऐकता लिहिलेलं वाक्य

सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या उंच आसनाच्या बरोब्बर खाली एक लांबट टेबल आहे. डावीकडे विरोधक, उजवीकडे सत्ताधारी आणि दोघांच्या कचाट्यात मान खाली घालून लिहीत बसलेली एखाद-दोन माणसं. वर गॅलरीतून बघणाऱ्यांना ती फर्निचरचाच भाग वाटतात. तिथल्या एका खुर्चीवर पेन्सिलबाई गेली एकोणतीस वर्षं बसत आल्या होत्या.

त्यांचं काम लघुलेखकाचं. सभागृहात जो जे बोलेल ते शब्दन् शब्द खुणांच्या लिपीत उतरवून घ्यायचं. एकेक पाळी दहा मिनिटांची. दहा मिनिटं संपत आली की पुढचा लघुलेखक शेजारी येऊन बसतो, शेवटचं एक मिनिट दोघंही लिहितात, म्हणजे सांध्यात काही सांडत नाही. मग आधीच्यानं उठायचं, वरच्या खोलीत जाऊन आपली दहा मिनिटं टाइप करायची. तासाभरानं पुन्हा खाली. बाकीचे सगळे पेनानं लिहायचे, बाई मात्र दोन्ही टोकांना तासलेल्या चार पेन्सिली घेऊन बसायच्या, म्हणून हे नाव. खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथंच राहिलं होतं.

लोकांना वाटायचं, एवढं ऐकून ऐकून या बाईंना सगळं राजकारण तोंडपाठ असणार. तसं काही नव्हतं. कानातून आलेलं हातातून बाहेर पडलं पाहिजे, वाटेत डोक्यात टेकता कामा नये. टेकलं की पुढचं वाक्य हुकलंच. बाईंना कुणी आजच्या चर्चेबद्दल विचारणं म्हणजे गाळणीला चहाची चव विचारणं.

सात आठवड्यांपूर्वी त्यांचा नवरा गेला. जोडे दुरुस्तीला टाकून येतो म्हणून बाहेर पडला, बसथांब्यावरच्या बाकावर जरा टेकला, तो टेकलाच. बाई दहाव्या दिवशी कामावर हजर झाल्या. रडल्या नाहीत. "खंबीर आहेत हो," असं ऑफिसातल्या बायका एकमेकींना सांगायच्या. खंबीर-बिंबीर काही नव्हतं. सकाळी चहा ओतायचा, कप हातात घेऊन खिडकीशी उभं राहायचं आणि चहा गार झाला की तो ओतून कप विसळायचा. आत काही दुखतच नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसं सगळं अंग झालं होतं.

सोबतीला म्हणून नणंद येऊन राहिली होती. ती बोलकी. "वहिनी, काहीतरी बोल ग. मी एकटीच बडबडतेय. भिंतीशी बोललं तर ती निदान हूं हूं तरी करत नाही, कळतं की भिंत आहे."

"हूं," बाई म्हणायच्या.

आता मास्तरांविषयी सांगायला हवं. विरोधी बाकांच्या अगदी शेवटच्या रांगेत, खांबाला लागून गेली एकोणीस वर्षं त्यांची जागा. पूर्वी सरकारी भूमापक होते, साखळी टाकून जमिनी मोजायचे, म्हणून सगळे त्यांना मोजणीमास्तर म्हणत. पक्षात ते एकटेच. "माझ्या पक्षाची बैठक रोज सकाळी दाढीच्या आरशासमोर भरते," असं ते सांगायचे, "आणि तिथंही एकमत होत नाही."

निवडणूक आणि नियोजन, या दोन विषयांवर त्यांनी आजवर एकही चर्चा सोडली नव्हती. निवडणुकीवर बोलताना बाकीचे विरोधक लोकशाहीचा गळा घोटला म्हणून गळा काढायचे. मास्तर विचारायचे, अमुक वस्तीपासून मतदान केंद्र किती पावलांवर आहे? नियोजनावर इतर जण मोठमोठे आकडे एकमेकांना फेकून मारायचे. मास्तर मागच्या तीन योजनांची पुस्तकं बगलेत मारून यायचे आणि रस्त्याखालच्या एखाद्या मोरीचा पत्ता विचारायचे. ते उभे राहिले की निम्मं सभागृह चहाला उठायचं. ते मात्र शांतपणे, पूर्णविराम ऐकू येतील असे बोलायचे. आणि बोलण्याआधी टेबलावर एक चिठ्ठी पाठवायचे: "पेन्सिलबाई, यात आजचे आकडे आहेत. तुमच्या पेन्सिलीला ताप नको." हे असलं एकोणीस वर्षांत दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं.

त्यांच्या प्रश्नांना मंत्री जे उत्तर देत तेही एकोणीस वर्षांत बदललं नव्हतं. मंत्री बदलले, सरकारं दोनदा बदलली, उत्तर तेच: "या संदर्भात सविस्तर माहिती घेऊन ती सभागृहापुढे ठेवण्यात येईल." इतक्या वेळा यायचं ते, की लघुलेखकांनी त्या अख्ख्या वाक्यासाठी एकच खूण ठरवून टाकली होती. एक गोल वेटोळं, पुढं छोटं शिंग, खाली टिंब. खोलीत तिला सगळे गोगलगाय म्हणत. "आज किती गोगलगाई?" असं एकमेकांना विचारत. नव्यानं आलेल्यांना बाईच शिकवायच्या, की बाळांनो, मंत्री बोलून खाली बसल्याशिवाय गोगलगाय काढायची नाही.

त्या मंगळवारी निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. निवडणुकीची तयारी आणि योजनेचा आढावा, दोन्हींवर एकत्र चर्चा होती. साडेतीनच्या सुमारास मास्तर उठले तेव्हा टेबलावर बाईंची पाळी सुरू होऊन दोनेक मिनिटं झाली होती.

"अध्यक्ष महोदय, नदीपलीकडं तीन वस्त्या आहेत. मतदार अकराशे चाळीस. त्यांचं मतदान केंद्र आजवर पलीकडच्याच शाळेत होतं. यंदा ते रद्द करून अलीकडं आणलंय. मी निवडणूक विभागाला कारण विचारलं. ते म्हणाले, नियोजन खात्याच्या यादीत तिथं पूल आहे. पूल असताना दोन केंद्रं कशाला? मी नियोजन खात्यात गेलो. ते म्हणाले, पूल यादीत आहे, नदीवर नाही. आता सरकारनं मला एवढंच सांगावं, या अकराशे चाळीस माणसांनी यादीवरून चालत यायचं का?"

पहिल्यांदा हशा पिकला, तोही दोन्हीकडून. मग सत्ताधारी बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "तुम्हीच बांधा की एखादा, आरशासमोर बसून." त्यावर विरोधक उठले, ते उठले म्हणून हे उठले, आणि बघता बघता असा गोंधळ माजला की अध्यक्ष स्वतः उभे राहिले. अध्यक्ष उभे राहिले की त्यांचा सोडून सगळे माइक बंद होतात, तसा नियमच आहे. त्या गदारोळात नियोजनमंत्री अर्धवट उठून मास्तरांकडं बघत काहीतरी बोलले आणि बसले. बाईंची पेन्सिल चालूच होती. पाळी संपली, त्या वर गेल्या, टाइप केलं, पानं पाठवली. संध्याकाळी घरी जाऊन खिडकीशी उभ्या राहिल्या.

बुधवारी सकाळी दहाच्या आत मास्तर लघुलेखकांच्या खोलीत हजर. सदस्य सहसा तिकडं फिरकत नाहीत. त्यांच्या हातात बाईंचं टाइप केलेलं पान होतं.

"बाई, हे पान तुमचं ना?"

"हो."

"यात मंत्र्यांच्या तोंडी गोगलगाय आहे." त्यांना ते नाव ठाऊक होतं. "तो हो म्हणाला, बाई. गोंधळात मी पुढं आलो होतो, त्याच्यापासून चार हातांवर. 'पूल होईपर्यंत केंद्र पलीकडंच राहील, झालं?' असं म्हणाला. झालं-सकट. एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदा कुणी हो म्हटलं."

बाईंनी पान हातात घेतलं. वाक्य स्वच्छ टाइप झालं होतं. "ध्वनिफीत ऐकलीत?"

"ऐकली. नुसता बाजार. आमच्या बाकांच्या पहिल्या रांगेतल्या दोघांनी ऐकलंय म्हणे, पण विरोधकाची साक्ष विरोधकानं द्यायची, त्याला किती किंमत? मंत्र्यांचं ऑफिस म्हणतं, इतिवृत्तात आहे तेच खरं. तपासायला गेलेलं तुमचं पान त्यांच्याकडून परत आलंय, एक स्वल्पविरामही न बदलता." ते बाकावर टेकले. "मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द इतिवृत्तात आला, तर खात्याला तो पाळावा लागतो. केंद्रांची यादी शुक्रवारी कायम होतेय. मग दगडावरची रेघ. तुम्हाला काय ऐकू आलं?"

"आठवत नाही."

"लिहिलंय तर तुम्ही."

"लिहिलंय."

मास्तर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, असंही बाईंना वाटलं नाही. "मी बदला म्हणायला आलेलो नाही," ते म्हणाले. "एकदा तुमची वही बघा, एवढंच." आणि पुस्तकांची पिशवी उचलून गेले.

बाईंनी कपाटातून मंगळवारची वही काढली. गोंधळाच्या आधीच्या ओळी सरळ होत्या. मग खुणा तिरप्या व्हायला लागल्या, तुटायला लागल्या. दोन ठिकाणी पेन्सिलीचं टोक कागदात रुतलं होतं. गोंधळात असंच होतं, कान ओढतो तसा हात धावतो. आणि त्या सगळ्या धावपळीत मधोमध एक गोगलगाय बसली होती. गोल, डौलदार, शिंग नीट वळवलेलं, टिंब जागच्या जागी. दुपारच्या निवांत वेळी कुणी रांगोळीची वेल काढावी तशी. तिच्यापुढच्या खुणा पुन्हा वेड्यावाकड्या.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. विणता विणता डोळा लागावा आणि हातांनी आपला सवयीनं टाका घालावा, तसं झालं होतं. मास्तरांनी प्रश्न विचारला, मंत्री उठले, म्हणजे आता हेच येणार. हातानं कानाची वाट बघितलीच नव्हती. मंत्री हो म्हणाले की नाही ते या वहीत नव्हतं. एवढंच होतं, की त्यांनी काहीही म्हटलं असतं तरी बाईंनी हेच लिहिलं असतं.

त्यांना लाज वाटायला हवी होती, भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्यांनी एक कागद घेतला आणि साध्या लिपीत लिहिलं: अमुक पान, अमुक ओळ, मंत्र्यांचं वाक्य मी ऐकलेलं नाही, सवयीनं लिहिलं, ते काढून तिथं 'ऐकू आलं नाही' असं घालावं.

मुख्य लघुलेखकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. हे गृहस्थ बाईंच्या आगेमागेच नोकरीला लागलेले, पोटाचे आजार आणि नियम दोन्ही जपणारे.

"बसा. बाई, तुमचे निवृत्तीला अकरा महिने राहिलेत. मंत्र्यांची तक्रार नाही, अध्यक्षांची नाही. कशाला उकरून काढताय?"

"चुकलंय."

"कशावरून? ते काय बोलले ते आठवतंय तुम्हाला?"

"नाही. ऐकलेलं आपल्याला कधीच आठवत नाही, साहेब. पण ऐकलं होतं की नाही, ते वहीत दिसतं." त्यांनी वही उघडून पुढं सरकवली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तीस वर्षं त्यांनीही हेच केलं होतं; त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "छान काढलीय," ते शेवटी म्हणाले. मग आवाज उतरवून, "घरचं झालंय तुमचं नुकतंच. तसं कारण घालू का? वरचे लोक सहानुभूतीनं बघतील."

"नको. आमचे हे त्यात नव्हते."

"टेबलावर बसता यायचं नाही मग. चौकशी होईपर्यंत सूची विभाग. आणि चौकशी अकरा महिन्यांत संपली तर मी मिशी काढीन."

"हूं."

संध्याकाळी नणंदेनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अग, मग सरळ 'हो म्हणाले' असं लिहून द्यायचंस. मास्तर काय खोटं बोलतायत? अकराशे माणसांचं भलं झालं असतं."

"मी ऐकलं नाही."

"मग ते माहिती घेतो-बिहितो कसं लिहिलंस? ते तरी कुठं ऐकलं होतंस?"

"म्हणून तर चिठ्ठी दिली."

  नणंद म्हणाली, "आज सात आठवड्यांत पहिल्यांदा तू मला उलट उत्तर दिलंस," आणि भांडी आवरायला उठली.

सूची विभाग तळमजल्यावर, लांबट खोलीत. कोण कधी कशावर बोललं त्याची कार्डं, विषयवार, खोक्यांतून लावलेली. भिंतीवर एक लाकडी खोकं होतं, त्यातून सभागृहाचं कामकाज ऐकू यायचं. तिथली जुनी सूचीकार बाईंना म्हणाली, "आमच्याकडं कुणी बोललेलं लिहायचं नसतं, फक्त कुठं ठेवलंय ते लिहायचं. सवय होईल."

गुरुवारी सकाळी अकराला खोक्यातून अध्यक्षांचा आवाज आला. मंगळवारच्या इतिवृत्तातलं एक उत्तर संशयास्पद असल्याचं लघुलेखकांनी स्वतःहून कळवलं आहे, त्यामुळं मंत्र्यांनी ते पुन्हा स्पष्ट करावं. सभागृहात शांतता होती. माइक चालू होते. मंत्र्यांनी घसा साफ केला. कागद उलटल्याचा आवाज आला.

"अध्यक्ष महोदय, या संदर्भात सविस्तर माहिती घेऊन ती सभागृहापुढे ठेवण्यात येईल."

"आली तुमची गोगलगाय," सूचीकार म्हणाली.

बाईंसमोर निवडणूक आणि नियोजन, अशी दोन खोकी होती. त्यांनी एका कार्डावर तारीख घातली आणि पान क्रमांकासाठी जागा सोडली.

दुपारी मास्तर आले. पिशवी खाली ठेवून समोर बसले. "मंगळवारी तो चुकून हो म्हणून गेला असणार. दोन दिवसांत अधिकाऱ्यांनी त्याला सावरलं. तुमचा हात त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो, बाई."

"मंगळवारी मी ऐकून लिहिलं असतं, तर तो अडकला असता."

"हो," मास्तर म्हणाले. जाऊ द्या, असू द्या, असलं काही ते म्हणाले नाहीत. सूचीकार उगीचच एक खोकं उघडून बघू लागली.

"मी त्या पुलाबद्दल आजवर किती वेळा बोललोय, ते काढून द्याल?" त्यांनी विचारलं. "पुढच्या अधिवेशनात लागेल. निवडून आलो तर."

बाईंनी कार्डं चाळली. अकरा वेळा. अकरापैकी सहा वेळा टेबलावर त्याच होत्या. कार्डाच्या कोपऱ्यात लघुलेखकाची खूण असते. एकही भाषण त्यांना आठवेना. त्या पुलाच्या जागी नदी रुंद होती की अरुंद, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पान क्रमांक उतरवून दिले.

"मग आता ती माणसं काय करतील?" बाईंनी विचारलं.

एकोणतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही सदस्याला प्रश्न विचारला नव्हता. मास्तरांच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"विभागाचं पत्र आलंय तासाभरापूर्वी. मतदानाच्या दिवशी नदी पार करायला दोन नावांची सोय करू म्हणतात. कमी वाटत असतील तर आजच लेखी कळवा, म्हणतात."

"नावेत किती बसतात?"

"बारा."

"जाऊन येऊन वेळ?"

"चाळीस मिनिटं. उतरणं-चढणं धरून."

"मतदान दहा तास?"

"दहा."

बाईंनी एक वाया गेलेलं कार्ड उलटं केलं. दहा तासांत पंधरा खेपा. पंधरा बारे एकशे ऐंशी. "दोन नावांत तीनशे साठ माणसं होतात," त्या म्हणाल्या. "सात नावा लागतील."

"माझंही सातच येतंय," मास्तर म्हणाले. "पण ते पाच म्हणतील. म्हणतील, म्हातारे कुठं येतात मतदानाला."

"नाव दारात आली तर येतील." बाई कार्डाकडं बघत होत्या. "आणि बारा नाही बसायचे. बायका लेकरं घेऊन येणार, त्यांना घरी कुणाजवळ ठेवतील? दहा धरा."

मास्तरांनी मान वाकडी करून कार्ड बघितलं. पंधरा दाहे दीडशे. अकराशे चाळीसला दीडशेनं भागून बघितलं.

"मग आठ," ते म्हणाले.

"आठ," बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला, मास्तरांच्या समोर ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी लिहिते. सावकाश सांगा."